चौथी पुडी शेतकऱ्याची



येत्या जिल्हा बैठकीपुढे कापसाचा भाव, विजेचे बिल, पीकविमा हे नेहमीचे विषय आहेतच. त्यांच्या जोडीला यावेळी एक वेगळा विषय ठेवला आहे : सूक्ष्म मूलद्रव्यांची तपासणी. "हे प्रयोगशाळेतल्या साहेबांचे काम, आमचा त्यात काय संबंध?" असे कोणी म्हणेल. संबंध असा की, जमिनीला कोणते खत घालायचे, विकत घेतलेले खत खरे की बनावट, विहिरीचे पाणी पिण्याजोगे की नाही, उद्या आपली ज्वारी परदेशातल्या बंदरावर उतरू देतील की परत पाठवतील, हे सगळे आता एका कागदावरच्या आकड्यावर ठरते. तो आकडा आपण लिहीत नाही. ज्या चिमूटभर मातीवरून, खतावरून किंवा दाण्यावरून तो निघतो, तो नमुनाही बहुतेक वेळा आपल्या हातचा नसतो.

बाजारात मापात पाप होते हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. काट्याला हात लावणारा मापारी, पायलीच्या तळाला चिकटवलेले मेण, कट्टीच्या नावाने काढून घेतलेली पसाभर ज्वारी यावर आपण बाजार समितीच्या आवारात भांडलो. काटा बदलला, इलेक्ट्रॉनिक झाला. पण आता माप आवारातून उठून प्रयोगशाळेत जाऊन बसले आहे आणि तिथे आपले कोणी उभे नाही. म्हणून हा विषय समजून घेऊ या. अवघड नाही. ज्याला वाणीनिवड कळते, त्याला हेही कळेल.

एक दाणा आणि एक कट्टा

प्रयोगशाळेच्या कागदावर 'पीपीएम' आणि 'पीपीबी' अशी अक्षरे असतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पीपीबी म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. ऐकून डोके गरगरते, म्हणून ज्वारीनेच मोजू.

ज्वारीच्या एका दाण्याचे वजन सुमारे ३० मिलिग्रॅम भरते. ५० किलोच्या कट्ट्यात वेगळ्या रंगाचा एकच दाणा मिसळला, तर ते प्रमाण होते ०.६ पीपीएम. हाच आकडा आपल्या कामाचा आहे, कारण जमिनीतले पिकाला मिळण्याजोगे जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेले की आपल्याकडच्या प्रयोगशाळा त्या जमिनीला जस्ताची कमतरता आहे असे लिहितात. कट्ट्यात एक दाणा आहे की नाही, यावर झिंक सल्फेट घ्यायचे की नाही हे ठरते.

आणि पीपीबी? ३०० क्विंटल ज्वारीच्या राशीत तो एकच दाणा शोधायचा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची आणि शिशाची भारतीय मानकातली मर्यादा १० पीपीबी आहे, म्हणजे ३०० क्विंटलच्या राशीत दहा दाणे. एवढे बारीक मोजणारी यंत्रे आज आहेत. प्रश्न यंत्राच्या नजरेचा राहिलेला नाही. राशीतली कोणती ओंजळ त्याच्यापुढे ठेवली, हा प्रश्न आहे.

कमतरता छोटी असली तरी फटका मोठा असतो. १९६६ साली तराईतल्या पंतनगर विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिले की, भाताचा 'खैरा' रोग कुठल्या बुरशीने किंवा जंतूने होत नसून जस्ताच्या कमतरतेने होतो. १९६७ पासून सूक्ष्म अन्नद्रव्यांचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प चालू आहे. त्याचे एक केंद्र अकोल्याला आपल्या कृषी विद्यापीठात आहे. या प्रकल्पाने देशभरातून दोन लाखांच्या आसपास माती नमुने तपासले, त्यांतले सुमारे ३६ टक्के जस्तात कमी निघाले. आपली काळी, चुनखडीची, सेंद्रिय कर्ब कमी असलेली जमीन या बाबतीत विशेष नाजूक असते. चुन्यामुळे जस्त आणि लोह मातीत असूनही अडकून बसते. ज्वारीच्या कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पांढुरके पट्टे दिसतात आणि आपण युरियाचे आणखी एक पोते टाकतो. पैसा जातो, पट्टे राहतात.

पंचवीस एकरांची एकच पुडी

मृद् आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सूरतगडला सुरू झाली. २०१५ ते २०१७ या पहिल्या फेरीत देशात दहा कोटींहून जास्त पत्रिका वाटल्या गेल्या. बारा गोष्टींची तपासणी पत्रिकेवर छापलेली असते आणि त्यांत जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्येही आहेत. कल्पना चांगली होती. पण नमुना घ्यायचा नियम काय होता? बागायतात अडीच हेक्टरांना एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक.

दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्या भागात पंचवीस एकरांत चार-सहा जणांची वावरे येतात. वरच्या अंगाला मुरमाड बरड, मध्ये मध्यम, खाली नाल्याकाठी हात-दोन हात खोल काळी. समजा, बरडीत जस्त ०.३ पीपीएम आहे आणि खालच्या काळीत १.१. दोन्हीकडची माती सारखी मिसळली की प्रयोगशाळेत आकडा येतो ०.७. पत्रिकेवर छापले जाते : पुरेसे. बरडवाल्याची ज्वारी पिवळी पडत राहते आणि त्याच्या हातात सरकारी कागद असतो की, तुझ्या जमिनीत सगळे ठीक आहे. एकाच्या घरी चूल पेटली नाही आणि दुसऱ्याच्या घरी पुरणपोळी झाली, तर सरासरीने दोघेही जेवले म्हणायचे. तसाच हा हिशेब.

आणखी एक हिशेब पाहा. एका हेक्टरातल्या वरच्या वीतभर थराचे वजन साधारण २२ लाख किलो असते. दहा हेक्टरांचे झाले सव्वादोन कोट किलोच्या आसपास. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीला प्रत्यक्षात वापरतात दहा ग्रॅम. म्हणजे दोनशे वीस कोटी भागांतला एक भाग बोलतो आणि बाकीच्यांनी त्याचे ऐकायचे. तो एक भाग नीट निवडलेला असेल तर हे चालते. शास्त्र तेच सांगते. पण रस्त्याकडेच्या धुऱ्यावरून दोन खुरपी माती उचलून पिशवीत भरली, तर पुढे कितीही भारी यंत्र असले तरी ते धुऱ्याचाच आकडा सांगणार.

आता नमुना घेताना मोबाईलवर जागेची नोंद होते. ही सुधारणा आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण नमुना कुठून घेतला हे त्यातून कळते, कसा घेतला हे कळत नाही.

पत्र्याची बादली

नमुना आपणच नीट घेतला पाहिजे. कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला जे शिकवतात ते सगळ्या गावाला येण्याजोगे आहे. पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, खत टाकण्याच्या आधी नमुना घ्यावा. वावरात जितक्या प्रकारची जमीन तितके वेगळे नमुने करावे, बरड आणि काळी एकत्र करू नये. प्रत्येक प्रकारात नागमोडी चालत पंधरा-वीस जागा निवडाव्या. धुरा, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, जनावरे बांधण्याची जागा सोडावी. वरचा कचरा बाजूला सारून वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा करावा आणि त्याच्या बाजूची सारख्या जाडीची माती घ्यावी. सगळी माती सावलीत वाळवून, ढेकळे फोडून, गोल पसरवून चार भाग करावे. समोरासमोरचे दोन ठेवावे, दोन टाकावे. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत जावे.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी माती पत्र्याच्या बादलीत किंवा टोपल्यात गोळा करू नका. पत्र्यावर जो पांढरा मुलामा असतो, तो जस्ताचा. अर्धा किलो मातीत ०.६ पीपीएम म्हणजे किती जस्त? ०.३ मिलिग्रॅम. ज्वारीच्या एका दाण्याच्या शंभराव्या हिश्शाइतके. बादलीचा एवढा किस मातीत पडला तरी आकडा दुप्पट होऊ शकतो आणि जस्तात कमी असलेली जमीन कागदावर संपन्न होऊन बसते. म्हणून प्लास्टिकची बादली वापरा. कुदळीने खड्डा केला तर कुदळीला लागलेली माती लाकडी चिपाटाने खरवडून बाजूला काढा, आतली माती घ्या. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती वाळवू नका, खताच्या पिशवीत भरू नका. कोरी कापडी किंवा प्लास्टिकची पिशवी घ्या.

साधा नियम असा : जी गोष्ट मोजायची ती नमुन्याच्या आसपास असता कामा नये. मोठमोठ्या प्रयोगशाळांत अतिशुद्ध आम्ल, धूळ गाळणारी खोली आणि धुतलेले प्लास्टिक यांवर जो खर्च होतो, तो याच एका नियमासाठी.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

हल्ली खासगी प्रयोगशाळांच्या जाहिरातीत 'आयसीपी-एमएस' हे नाव वाचायला मिळते. दुकानदारही सांगतो, "भाऊ, आमचा रिपोर्ट मोठ्या मशीनचा आहे." तेव्हा हे मशीन काय आहे ते समजून घेऊ.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स प्रयोगशाळेत हूक, फॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडच्या अ‍ॅलन ग्रे यांना सोबत घेऊन, १९८० साली या पद्धतीचा पहिला निबंध छापला. १९८३ पासून अशी यंत्रे बाजारात आली. काम असे चालते. नमुना आधी आम्लात विरघळवून पाणी करतात. ते पाणी आपल्या फवारणी पंपाच्या नोझलसारख्या तोटीतून धुक्यासारखे उडवतात. ते धुके आर्गॉन वायूच्या धगधगत्या ज्योतीत जाते. तिला प्लाझ्मा म्हणतात. तिची उष्णता सहा ते दहा हजार अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त. तिथे प्रत्येक पदार्थाचे अणू सुटे होतात आणि त्यांच्यावर विजेचा भार चढतो. पुढे एक चाळणी असते. ती छिद्रांची नसून विजेची असते आणि एका वेळी एकाच वजनाच्या कणाला पलीकडे जाऊ देते. पलीकडे ते कण एकेक करून मोजले जातात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, जस्त असे सगळे काही मिनिटांत, पीपीबीच्याही खाली.

यंत्र कोट रुपयांच्या घरातले आहे. मिनिटाला पंधरा-वीस लिटर आर्गॉन पिते. त्याची करामत खरी आहे, पण त्याच्या तीन मर्यादा ध्यानात ठेवा.

पहिली. आपल्या मातीतले जस्त मोजायला हे यंत्र लागतच नाही. सरकारी प्रयोगशाळांत एएएस नावाचे जुने यंत्र असते, ते या कामाला पुरेसे आहे. "मोठ्या मशीनवर तपासले" म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर विचारा, कशासाठी?

दुसरी. एकूण जस्त वेगळे आणि पिकाला मिळणारे जस्त वेगळे. जोरकस आम्लात माती पूर्ण विरघळवली तर आकडा ५०-६० पीपीएम येऊ शकतो. डीटीपीए नावाच्या द्रावणात दहा ग्रॅम माती दोन तास हलवून गाळली तर त्याच मातीचा आकडा अर्धा-पाऊण पीपीएम येतो. ०.६ ही मर्यादा या दुसऱ्या पद्धतीसाठी आहे. पहिल्या पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी लावला तर शंभरपट जस्त आहे असे वाटेल. सावकाराच्या तिजोरीतला पैसा आपल्या खिशात आहे असे म्हणण्यासारखे हे आहे. ज्या कागदावर पद्धत लिहिलेली नाही, त्या कागदावरचा आकडा वाचूच नये.

तिसरी मर्यादा खारपाणपट्ट्यातल्या भावांसाठी महत्त्वाची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या विहिरींचे पाणी खारट, म्हणजे त्यात क्लोराईड जास्त. यंत्रातल्या आर्गॉनचे वजन ४०, क्लोरीनचे ३५. ज्योतीत हे दोघे एकमेकांना चिकटले की जोडीचे वजन होते ७५ आणि आर्सेनिकचे वजनही ७५ च आहे. चाळणी फक्त वजन पाहते. तिला जोडी आणि आर्सेनिक यांतला फरक कळत नाही. काळजी घेतली नाही तर खाऱ्या पाण्यात नसलेले आर्सेनिक दिसू शकते. यावर उपाय आहे. हेलियम वायू भरलेल्या कप्प्यातून कण नेले की जोडी मागे अडते. चांगल्या प्रयोगशाळा ते करतात. पण गावाच्या विहिरीला विषारी म्हणून लाल खूण करण्याआधी "क्लोराईडची दुरुस्ती केली होती का?" एवढे विचारायचा हक्क गावाला आहे.

फ्लिंटच्या बाटल्या

नमुना कोणाच्या हातात आहे यावर किती काही अवलंबून असते, याचा दाखला परदेशात घडला. प्रसंग पिण्याच्या पाण्याचा आहे, पण धडा आपल्या कामाचा आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे सुमारे लाखभर वस्तीचे गरीब कामगारांचे शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला शहराचे पाणी बदलून फ्लिंट नदीचे सुरू केले. ते पाणी जुन्या शिशाच्या नळांना खाऊ लागले. लोक तक्रार करू लागले, अधिकारी म्हणू लागले पाणी उत्तम आहे. लीअ‍ॅन वॉल्टर्स नावाच्या एका आईच्या घरी २०१५ च्या सुरुवातीला पालिकेनेच तपासले, तेव्हा शिसे १०४ पीपीबी निघाले आणि पुढच्या तपासणीत ३९७. तिथल्या नियमाप्रमाणे १५ च्या वर गेले की कारवाई करायची असते.

मग सरकारी अहवालात सगळे ठीक कसे? नमुना घेण्याच्या सूचनांत आदल्या रात्री नळ काही वेळ मोकळा सोडायला सांगितले होते, त्यामुळे नळात साचलेले शिसे आधीच वाहून जाई. आणि ७१ नमुन्यांपैकी दोन वगळले गेले. त्यांतला एक याच बाईच्या घरचा. ६९ नमुन्यांवर शहर नियमात बसले. यंत्राने कुठेही खोटे सांगितले नव्हते. त्याच्यापुढे जे ठेवले, तेच त्याने सांगितले.

तेव्हा व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने ऑगस्ट २०१५ मध्ये सुमारे ३०० घरांसाठी बाटल्यांचे संच पाठवले. पाणी कसे भरायचे ते रहिवाशांनी शिकून घेतले, शेजाऱ्यांना शिकवले, सकाळचे पहिले पाणी स्वतः भरले आणि बाटल्या स्वतः बंद केल्या. अडीचशेहून अधिक बाटल्या परत गेल्या. त्या याच आयसीपी-एमएस यंत्रावर तपासल्या गेल्या. दर दहा घरांमागे एका घरात शिसे २५ पीपीबी किंवा त्याहून जास्त निघाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला जुने पाणी परत द्यावे लागले.

यंत्र तेच, शास्त्र तेच. बाटली लोकांच्या हातात आली आणि आकडा बदलला. एवढे आपण तिथून घ्यायचे.

तीन पुड्या होतात, आपली कोणती?

आता घरच्या गोष्टीकडे या. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे निरीक्षक खताचा नमुना घेतो तेव्हा त्याच्या तीन मोहरबंद पुड्या करतो. एक प्रयोगशाळेला जाते. दुसरी कारखानदाराला, विक्रेत्याला किंवा खरेदीदाराला, जसे प्रकरण असेल तसे. तिसरी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जपून ठेवायला. 'खरेदीदार' हा शब्द कायद्यात आहे. पण नमुना दुकानातून किंवा गोदामातून घेतला की दुसरी पुडी दुकानातच राहते. ज्याने पैसे मोजून ते पोते वावरात नेले आणि मातीत मिसळले, त्याच्या हातात बिलाशिवाय काही उरत नाही. बिलही पक्के मिळाले तर.

पीक हातचे गेले की त्याला म्हणतात, पुरावा आणा. पुरावा मातीत विरघळून गेलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात शेतकरी हा ग्राहक आहे असे मान्य केले आणि शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असेही म्हटले. न्यायालयाला जे कळले, ते खताच्या बाबतीत नियमात उतरायला हवे.

झिंक सल्फेटचेच पाहा. सात रेणू पाणी असलेल्या झिंक सल्फेटात कायद्याने किमान २१ टक्के जस्त हवे, एक रेणू पाण्याच्या प्रकारात ३३ टक्के. हेक्टरी २५ किलो पहिल्या प्रकारचे टाकले तर सव्वापाच किलो जस्त जमिनीला मिळते. त्यात स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट मिसळले तर डोळ्यांना कळत नाही, खडे तसेच पांढरे दिसतात. त्याच आदेशात शिशाची मर्यादा ०.००३ टक्के आणि कॅडमियमची ०.००२५ टक्के दिलेली आहे. कारण जस्ताच्या खनिजात कॅडमियम जन्मापासूनच सोबतीला असते, कारखान्याने नीट शुद्ध केले नाही तर ते पोत्यात येते.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. एका ग्लासात डीएपीचे थोडे दाणे पाण्यात विरघळवून वरचे पाणी निवळून घ्या. दुसऱ्या ग्लासात झिंक सल्फेट विरघळवा. दोन्ही एकत्र करा. जस्त असेल तर दह्यासारखा गुठळीदार पांढरा साका बसतो. नुसते मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा घट्ट साका येत नाही. ही चाचणी किती टक्के जस्त आहे ते सांगत नाही, पण उघड फसवणूक पकडते. हाच साका जमिनीतही होतो, म्हणून डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र कालवून टाकू नका.

मोजतात, पण कोणासाठी?

मोजमाप आपल्या विरुद्ध असते तेव्हा ते लगेच भावाला लागू होते. कापूस महामंडळाच्या केंद्रावर आर्द्रता ८ टक्क्यांच्या वर गेली की कपात होते, १२ च्या वर गेली की गाडी परत. मोजमाप आपल्या बाजूचे असते तेव्हा काय होते?

२०१८ साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' ही ज्वारी प्रसारित केली. तिच्या दाण्यात लोह ४५ पीपीएम आणि जस्त ३२ पीपीएम. नेहमीच्या वाणांत साधारण ३० आणि २०. दाण्यातले लोह-जस्त मोजता आले म्हणूनच असे वाण निवडता आले. शास्त्रज्ञांचे यात कौतुकच आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, भाषणे झाली. पण २०२५-२६ च्या हंगामासाठी आधारभूत किंमत जाहीर झाली ती संकरित ज्वारीला ३६९९ रुपये आणि मालदांडीला ३७४९. दाण्यातल्या जस्ताला त्यात जागा नाही. शहरातल्या पाकिटावर 'लोह व जस्तयुक्त' छापून जास्त दाम घेता येतो. वावरात तोच दाणा साधी ज्वारी असतो.

उलट बाजूही बघून ठेवा. आंतरराष्ट्रीय अन्न संहितेत, म्हणजे कोडेक्समध्ये, बहुतेक तृणधान्यांना कॅडमियमची मर्यादा ०.१ पीपीएम आहे. कॅडमियम शेतात येते ते प्रामुख्याने फॉस्फेटच्या दगडातून, म्हणजे स्फुरदाच्या खतातून. युरोपने जुलै २०२२ पासून स्फुरदाच्या खतांवर किलोभर स्फुरदामागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे. घाबरून जायचे कारण नाही. आपल्या चुनखडीच्या विम्लधर्मी जमिनीत कॅडमियम पिकात सहज शिरत नाही. पण आपल्या खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश छापलेले असते, कॅडमियमचा आकडा नसतो. उद्या मालात ते सापडले तर माल परत येईल तो शेतकऱ्याचा आणि खत विकणारा मोकळा राहील. ज्याने आणले त्याने मोजावे, ही साधी गोष्ट आहे.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. खताचा सरकारी नमुना घेताना चौथी मोहरबंद पुडी करावी आणि ती ज्या गावात ते खत विकले गेले, त्या गावच्या ग्रामसभेने निवडलेल्या शेतकऱ्याच्या ताब्यात द्यावी. वाद झाला तर ती स्वतंत्र, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासण्याचा हक्क गावाला असावा.

२. कोरडवाहू भागात माती नमुना एकरांच्या चौकटीवर न घेता जमिनीच्या प्रकारावर घ्यावा. बरड, मध्यम आणि खोल काळी वेगवेगळी तपासावी.

३. प्रत्येक अहवालावर पद्धत, त्या पद्धतीची मर्यादा, नमुना घेतल्याची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव छापावे.

४. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्याचा अहवाल मृग निघायच्या आत हातात पडावा. पेरणी झाल्यावर आलेला अहवाल चुलीत घालायच्या कामाचा.

५. स्फुरदाच्या प्रत्येक पोत्यावर कॅडमियमचा आकडा छापावा.

६. लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी पोषणाच्या नावाने विकली जात असेल, तर खरेदीत तिला वेगळा भाव मिळावा.

मागण्या सरकारकडे. आपल्याकडूनही काही व्हायला हवे आणि त्यासाठी जी.आर.ची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक गावात पाच-पाच जणांचे गट करा, त्यांत दोन तरी बहिणी असू द्या, कारण बियाणे जपून ठेवायची सवय त्यांच्या हाताला आहे. नमुना घेण्याची रीत या उन्हाळ्यात गावातच शिकून घ्या. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा, एक पाठवा, दुसऱ्यावर तारीख, गट नंबर आणि सह्या टाकून घरी कोरड्या जागी ठेवा. खताचे पोते फोडताना सर्वांदेखत अर्धा किलो बाजूला काढून घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करा, त्यावर लॉट नंबर लिहा आणि पक्के बिल सोबत बांधा.

आणि प्रयोगशाळेची परीक्षा घ्यायची असेल तर एकच माती नीट मिसळून दोन वेगळ्या नंबरांनी पाठवा. दोन्ही आकडे जवळपास आले तर तिथल्या माणसांवर विश्वास ठेवा, त्यांना तसे कळवा. चांगले काम करणारा तंत्रज्ञ आपलाच माणूस आहे. आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आला तर दोन्ही कागद बैठकीला घेऊन या.

गेल्या पिढीने बाजारातल्या काट्याजवळ उभे राहायचा हक्क मिळवला. या पिढीने नमुन्याच्या पुडीजवळ उभे राहायचे आहे. बैठकीला येताना निदान एक पत्रिका, एक खताचे बिल आणि एक प्रश्न घेऊन या.